खोलीतला हीटर आणि भिंतीतला सॉकेट

उष्णतेची माणसापासूनची जवळीक मोजण्यासाठी मराठीने शब्दांची एक उतरंडच रचून ठेवली आहे. ऊब, शेक, धग, झळ आणि चटका हे शब्द एकाच शेकोटीभोवती वेगवेगळ्या अंतरांवर बसलेल्या माणसांचे शब्द आहेत; शेकोटीतला जाळ तोच असतो, फरक पडतो तो अंतराचा आणि किती वेळ बसावे याचा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग लावून खोलीत कुठेही ठेवता येणारा छोटा विजेचा हीटर हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून, त्याच्या कामगिरीचा आणि सुरक्षिततेचा विचार करताना हीच दोन मापे, म्हणजे अंतर आणि वेळ, पुन्हा पुन्हा समोर येतात. ग्राहक मात्र हीटर विकत घेताना बहुधा तिसऱ्याच गोष्टीची चौकशी करतो: कोणता हीटर कमी विजेत जास्त गरम करतो? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते, आणि ते एकदा नीट समजले म्हणजे पैसा आणि काळजी कुठे खर्च करावी हे आपोआप उलगडत जाते.

ते उत्तर असे की, असा कोणताही हीटर नसतो. तारेतून प्रवाह गेला की प्रवाहाच्या वर्गाला तारेच्या रोधाने गुणून जेवढी येते तेवढी उष्णता दर सेकंदाला निर्माण होते, हा नियम जेम्स जूल याने १८४० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांनी मांडला, आणि खोलीत ठेवलेल्या हीटरमध्ये शिरलेली वीज उष्णतेवाचून दुसऱ्या कशात शिल्लक राहत नसल्याने १००० वॉटचा हीटर, तो आठशे रुपयांचा असो वा आठ हजारांचा, खोलीला १००० वॉटच देतो. लाल तापणारी तार, काचेच्या नळीतली कांडी, चिनी मातीची चकती, तेल भरलेला रेडिएटर या सर्वांना हे सारखेच लागू आहे. पंख्याची मोटर फिरवण्यात गेलेली थोडी वीजही शेवटी हवेच्या घर्षणातून उष्णताच होते. एका युनिट विजेतून एका युनिटपेक्षा अधिक उष्णता मिळवायची असेल तर ती नव्याने निर्माण न करता बाहेरच्या हवेतून ओढून आत आणावी लागते, आणि ते काम उलट दिशेने चालू शकणारा एअर कंडिशनर, म्हणजेच उष्णतापंप, करतो. तो एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता आत आणू शकतो. प्लगच्या हीटरला ही सोय नाही. त्यामुळे ‘निम्म्या विजेत सगळी खोली उबदार’ अशी जाहिरात वाचनात आली तर तिच्यातले ‘निम्म्या विजेत’ खरे मानावे आणि ऊबही निम्मीच मिळेल हे ध्यानात धरावे.

अलीकडे बाजारात मुठीएवढे, थेट सॉकेटमध्येच बसणारे, ३५० ते ४०० वॉटचे हीटर पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्या कामगिरीचा हिशेब एखाद्या प्रत्यक्ष खोलीवर मांडून पाहणे उपयोगाचे ठरेल. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ४३ किलो हवा असते, आणि ती एक अंशाने तापवायला जेमतेम ४३ किलोज्यूल उष्णता पुरते; ४०० वॉटचा हीटर तेवढी उष्णता दोन मिनिटांच्या आत देतो. केवळ हवाच तापवायची असती तर वीस मिनिटांत दहा अंशांचा फरक पडला असता. परंतु खोली म्हणजे हवा नव्हे. खोलीला भिंती आहेत, वर स्लॅब आहे, खिडकीला एकेरी काच आहे आणि दाराखाली फट आहे. ही खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असून तिच्या दोन भिंती बाहेरच्या आहेत असे धरले, तर नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरला सुमारे दोन वॉट, उघडा स्लॅब सुमारे तीन वॉट आणि काच साडेपाच वॉट बाहेर सोडते. फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलते असे मानले तर त्याचे आणखी बारा वॉट. सर्वांची बेरीज ढोबळमानाने दर अंशाला शंभर वॉट होते. याचा अर्थ बाहेर दहा अंश असताना ४०० वॉटचा हीटर, सगळी रात्र चालवला तरी, खोलीचे तापमान चौदाच्या आसपास नेऊन थांबतो, आणि वीस अंश हवे असतील तर हजार वॉट सतत लागतात. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर टाकत असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या चिमुकल्या हीटरचे खरे मोल कळते: खोलीत चार पाहुणे येऊन बसल्याने जेवढी ऊब येईल, तेवढी तो देतो.

तरीही असा हीटर निरुपयोगी ठरत नाही, कारण खोली उबदार करणे आणि माणूस उबदार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. लाल तापलेली कांडी आपली बरीच उष्णता प्रारणाने, म्हणजे मधली हवा न तापवता सरळ समोरच्या पृष्ठभागावर, टाकते, जशी हिवाळ्यातली सकाळची उन्हे अंगावर पडतात. म्हणून टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या पायांपासून मीटरभर अंतरावर ठेवलेली ४०० वॉटची कांडी थंड खोलीतही पुरेसे सुख देते. पंख्याचा हीटर, ज्याला बाजारात ब्लोअर म्हणतात, हवा तापवून फेकतो आणि बंद होताच त्याचा परिणाम ओसरतो. तेलाचा रेडिएटर उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यातले तेल जळत नाही आणि संपतही नाही, ते केवळ उष्णता साठवून पृष्ठभागभर पसरवते. वॉट सारखेच असले तरी ते कुठे आणि कधी मिळतात यांत फरक पडतो, आणि निवड करायची ती याच कसोटीवर.

येथे दोन प्रचलित समजांची दखल घेणे भाग आहे. विजेचा हीटर खोलीतला प्राणवायू खातो, हा समज शेगडीच्या अनुभवातून आला असून शेगडीपुरता तो खराही आहे. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची रीत अनेक घरांत होती, आणि उत्तरेत अंगीठी ठेवून झोपलेली माणसे सकाळी न उठल्याच्या बातम्या आजही दर हिवाळ्यात येतात. त्यामागे अर्धवट ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड असतो, जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो आणि ज्याला रंग नाही, वासही नाही. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नसल्याने तो प्राणवायू वापरत नाही आणि हा वायू निर्माणही करत नाही. शेगडीच्या जागी हीटर आला ही लहान गोष्ट नाही, त्याने जीव वाचवले आहेत, आणि पुढे त्याच्या धोक्यांविषयी जे सांगायचे आहे ते ही कृतज्ञता बाजूला ठेवून ऐकू नये. दुसरा समज हवा कोरडी होण्याचा. तो अर्धा खरा आहे. हीटर पाण्याचा एक थेंबही नाहीसा करत नाही, परंतु दहा अंशांची ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा वीस अंशांवर नेली की तिची पाणी सामावण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते आणि तीच हवा ३७ टक्के आर्द्रतेची होऊन घसा व ओठ सुकवते.

आता सुरक्षिततेकडे वळताना प्रथम डोळ्यांना दिसणारा धोका घ्यावा. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळवले, आणि लाल तापूनही हवेत जळून न जाणारी तार प्रथमच हाती आली. घरगुती हीटर, टोस्टर, इस्त्री यांचा सगळा संसार या निक्रोमच्या तारेवर उभा आहे. ही तार आठशे अंशांच्या घरात तापते आणि सुती कापड दोन-अडीचशे अंशांच्या पुढे करपू लागते. या दोन आकड्यांमध्ये केवळ अंतर उभे असते. पलंगावरून खाली सरकलेली गोधडी किंवा पंख्याच्या वाऱ्याने हललेला पडदा ते अंतर झोपलेल्या माणसाच्या नकळत पुसून टाकतो. म्हणूनच हीटरच्या सर्व बाजूंनी किमान तीन फूट, म्हणजे मीटरभर, जागा मोकळी ठेवण्याचा सल्ला जगभर दिला जातो.

चिनी मातीच्या चकतीचे हीटर या बाबतीत अधिक समंजस असतात, आणि त्यामागचे कारण मोठे सुंदर आहे. ही चकती बेरियम टायटेनेट या पदार्थाची असते आणि त्यात अल्प प्रमाणात इतर मूलद्रव्ये मिसळून तिला असा गुण दिलेला असतो की ठरावीक तापमान ओलांडताच तिचा रोध हजारो पटींनी वाढतो. रोध वाढला की प्रवाह घटतो आणि प्रवाह घटला की तापणे थांबते. ब्लोअरसमोर टॉवेल पडून हवा अडली तर चकती आपणहून हात आखडता घेते. तारेच्या अंगी हे शहाणपण नसते, त्यामुळे तिच्या हीटरमध्ये ते बाहेरून बसवावे लागते: दोन वेगवेगळ्या धातूंच्या चिकटवलेल्या पट्ट्या, ज्या तापल्यावर असमान प्रसरणाने वाकून संपर्क तोडतात, त्याही अपयशी ठरल्या तर वितळून कायमचा खंड पाडणारा औष्णिक फ्यूज, आणि बुडाशी स्प्रिंगवर बसवलेले एक बटण, जे हीटर कलंडताच बाहेर येऊन वीज तोडते. थर्मोस्टॅट आणि अतितापरोधक कळ या दोन्हींचे काम पट्टीच करत असली तरी त्यांची गल्लत करू नये, कारण थर्मोस्टॅट खोली पुरेशी उबदार झाली म्हणून थांबतो, तर अतितापरोधक कळ हीटर स्वतः धोक्यात आला म्हणून. सर्व हीटरांची ऊब वॉटमागे सारखीच असल्याने जास्त किंमत मोजून ग्राहकाने विकत घ्यायचे ते खरोखर हेच चिमूटभर पितळ आणि स्प्रिंग. आणि भारतात ते परीक्षेला उतरले आहे की नाही हे सांगणारी खूण म्हणजे आयएसआयचा शिक्का, जो खोलीच्या विजेच्या हीटरांना सक्तीचा आहे.

डोळ्यांना न दिसणारा धोका मात्र हीटरमध्ये नसून त्याच्या प्लगमध्ये असतो, आणि या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असल्याने त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. लहान सॉकेट ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा असतो. म्हणजे दोन हजारांचाच काय, साडेसहा अँपिअर घेणारा १५०० वॉटचा हीटरही लहान सॉकेटच्या मर्यादेबाहेर आहे. आता सॉकेटच्या आत पाहावे. प्लगची पिन आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारी पितळी पत्ती यांचा संपर्क नवेपणी घट्ट असतो आणि त्याचा रोध नगण्य असतो. वर्षानुवर्षांच्या काढ-घालीने पत्ती सैल पडते, तिच्यावर काळपट थर चढतो आणि रोध वाढतो. तो केवळ अर्धा ओहम झाला असे समजावे. तेवढ्याने त्या वाटाण्याएवढ्या जागेत सुमारे ३६ वॉट उष्णता निर्माण होऊ लागते, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न शिसे-कथिलाचे डाग सहज वितळवतो हे पाहिलेल्या कोणालाही या आकड्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. तापलेली पत्ती आपला ताण गमावते, आणखी सैल होते, आणखी काळवंडते, रोध आणखी वाढतो. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग, प्लग काढताना बोटांना लागणारी ऊन पिन आणि माशासारखा किंवा करपल्यासारखा येणारा वास, ही त्या चक्राची बाहेर दिसणारी चिन्हे होत.

या सर्व काळात वितरण पेटीतल्या कळा स्वस्थ असतात. एमसीबी, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह होताच सर्किट तोडणारी कळ, येथे काहीच करू शकत नाही, कारण सैल संपर्काने प्रवाह वाढत नाही, उलट तो ८.७ वरून साडेआठपर्यंत किंचित उतरतो. आरसीसीबी ही दुसरी कळ गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडल्यावर वीज तोडते आणि विजेच्या धक्क्यापासून माणसाचे रक्षण करते. पण येथे गेलेला प्रवाह तंतोतंत परत येत असतो. तेव्हा ‘एमसीबी आहे, काही होणार नाही’ हे आश्वासन, वायरमनने दिलेले असले तरी, या धोक्यापुरते लागू पडत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड वापरला की असे संपर्क दुप्पट होतात आणि वर तारेची भर पडते: ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तारेच्या दोन्ही धाग्यांत मिळून २००० वॉटच्या हीटरमुळे सतरा वॉट उष्णता निर्माण होते, जी पसरलेल्या तारेतून हवेत निघून जाते. मात्र तीच तार गुंडाळी करून पलंगाखाली किंवा सतरंजीखाली सरकवली की साचत राहते, आणि तारेवरचे पीव्हीसीचे साधे आवरण सत्तर अंशांपर्यंतच वापरण्यासाठी असते.

अमेरिकेत हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण तेथे घरातली वीज १२० व्होल्टची असल्याने १५०० वॉटसाठी १२.५ अँपिअर लागतात आणि सैल संपर्कातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने, त्याच रोधात, भारतातल्या सॉकेटच्या जवळजवळ चौपट होते. घर गरम करण्याच्या साधनांमुळे तेथे लागणाऱ्या आगींत जे मृत्यू होतात त्यांतले बहुसंख्य अशा खोलीपुरत्या हीटरांच्या वाट्याला येतात. अशीच एक मोठी आणि बोलकी दुर्घटना ९ जानेवारी २०२२ रोजी, रविवारी सकाळी, न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागात ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट या १९ मजली इमारतीत घडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांवर पसरलेल्या एका सदनिकेच्या शयनकक्षातला विजेचा हीटर, जो अग्निशमन दलाच्या सांगण्यानुसार कित्येक दिवस अखंड चालू होता, बिघडला आणि आग लागली. आग त्या सदनिकेपलीकडे आणि बाहेरच्या व्हरांड्यापलीकडे फारशी गेली नाही. तरीही १७ माणसे मेली, त्यांत आठ मुले होती, आणि ती सगळी धुराने गुदमरून मेली. मृतांपैकी बरेचजण पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातून येऊन वसलेल्या कुटुंबांतले होते. बाहेर पडताना मागे आपोआप मिटायला हवे असलेले सदनिकेचे दार उघडे राहिले, वरच्या मजल्यावरचे जिन्याचे एक दारही उघडे होते, आणि त्या दोन दारांनी जिना धुराड्यासारखा झाला. धोक्याची घंटा वाजली होती. परंतु ती एरवीही वारंवार खोटीच वाजत असल्याने पुष्कळांनी तिच्याकडे प्रथम लक्ष दिले नाही, असे रहिवाशांनी नंतर सांगितले.

या घटनेनंतर न्यूयॉर्क शहराने थर्मोस्टॅट आणि आपोआप बंद होण्याची सोय नसलेल्या विजेच्या हीटरांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि ती योग्यच झाली. परंतु त्या हीटरची गरज का पडली, हा प्रश्न त्याहून जुना आहे. त्या शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घरमालकाने रात्री किमान ६२ आणि बाहेर थंडी असेल तर दिवसा किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे वीस अंश सेल्सिअस, तापमान राखणे कायद्याने बंधनकारक आहे. इमारतीतली मध्यवर्ती उष्णता त्या दिवशी चालू होती असे अधिकाऱ्यांनी सांगितले, आणि तरीही हीटर लावला गेला होता. ज्या घरात माणूस हीटर दिवसचे दिवस बंद करत नाही, त्या घरात चूक हीटर लावणाऱ्याची मानून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. थंड देशांतल्या घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली किमान १८ अंश तापमानाची शिफारस केली, ती थंड घर हे स्वतःच आजाराचे कारण असते म्हणून. वृद्धाने वा तान्ह्या मुलाने थंडी सोसावी, असे सांगणे हा सुरक्षिततेचा उपाय होऊ शकत नाही.

महाराष्ट्रातली घरे उन्हाळ्याच्या भीतीने बांधलेली आहेत आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु निफाडच्या शिवारात किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात तेव्हा तोच उघडा स्लॅब आणि तीच एकेरी काच दर अंशाला शंभर वॉट बाहेर फेकत असते. जाड पडदा, दाराखाली कापडाची गुंडाळी, खिडकीच्या फटीत बसवलेली रबराची पट्टी हे उपाय विजेचा एकही वॉट न वापरता हीटरचे काम हलके करतात. याच्याही आधीचा निर्णय मात्र घर बांधताना होतो. सामान्यतः शयनकक्षात पलंगाच्या दोन्ही अंगांना ६ अँपिअरचे सॉकेट दिले जातात, मोबाइल आणि दिव्यासाठी. १६ अँपिअरचा एकच सॉकेट एअर कंडिशनरसाठी भिंतीच्या माथ्यावर असतो आणि दुसरा थेट न्हाणीघरात गीझरजवळ. आजी जेथे झोपते त्या कोपऱ्यात हीटर ठेवायचा तर हाताशी येतो तो लहान सॉकेट, आणि मोठी पिन त्यात बसत नाही म्हणून जोडीला येतो तो बाजारातला जोड किंवा एक्स्टेन्शन बोर्ड. नकाशावर पलंगापासून मीटरभर अंतरावर, जमिनीपासून फूटभर उंचीवर आणखी एक १६ अँपिअरचा सॉकेट काढायला वास्तुरचनाकाराला पेन्सिलीची एक खूण पुरते, आणि तिथपर्यंत अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार न्यायला वायरमनला, भिंतींना गिलावा होण्याआधी, फार तर अर्धा दिवस लागतो.